कानाची बातमी अर्धी छापू नका
खान्देशातल्या संपादकांना आणि यूट्यूब चॅनेलवाल्यांना खुले पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या दैनिकांचे संपादक, तालुका वार्ताहर आणि यूट्यूबवर बातम्या देणारे मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

मी जळगावात श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. कान तपासणं, मशीन बसवणं, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) झालेल्या मुलांना ऐकायला-बोलायला शिकवणं हे माझं रोजचं. तुमच्यापैकी काही जण मला ओळखतात, कारण ३ मार्चच्या जागतिक श्रवण दिनाच्या आदल्या संध्याकाळी 'ताई, दोन ओळी द्या' असा फोन येतो. आज जे सांगायचं आहे ते दोन ओळींत मावणारं नाही.

विषय तुमच्या मथळ्यांचा आहे. 'आता कानाच्या मशीनला रामराम', 'बहिऱ्यांना ऐकू येणार, शास्त्रज्ञांनी उगवल्या पेशी' या चालीचं काही ना काही दर थोड्या दिवसांनी माझ्यापर्यंत येतं, आणि ते तुमच्याकडून थेट येत नाही. एखादे आजोबा खिशातून मोबाइल काढतात आणि व्हिडिओ माझ्यासमोर धरतात. अमळनेरकडची एक आई मध्यंतरी आली होती. मूल दीड वर्षाचं, बेरा या कानाच्या तपासणीचा रिपोर्ट पिशवीत, दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, इम्प्लांटसाठीची कागदपत्रंही जमा झालेली. ती म्हणाली, "थांबी जाऊत ना ताई, दवाई निंघनी म्हनतस."

तिला मी दोष देत नाही. इम्प्लांट म्हणजे एवढ्याशा लेकराच्या कानामागे ऑपरेशन, आयुष्यभर बाहेरून लावायचं यंत्र, त्याची बॅटरी, त्याची वायर, वर्षानुवर्षं थेरपी, आणि मॅपिंगसाठी, म्हणजे यंत्राचे आवाज मुलाला जुळवून घ्यायला, अनेकांना नाशिक किंवा मुंबईची गाडी. दुसऱ्या बाजूला व्हिडिओतलं एक इंजेक्शन. कुठलीही आई थांबू म्हणेल. पण त्या थांबण्याची किंमत तुमच्या बातमीत कुठेच नसते.

ती किंमत आधी सांगते. ऐकायला कान लागतो, पण आवाजाचा अर्थ मेंदू लावतो, आणि हे काम मेंदू पहिल्या तीन-चार वर्षांत शिकतो. त्या काळात आवाज पोचलाच नाही, तर ती जागा तो दुसऱ्या कामांना देऊन टाकतो. म्हणून जगभर १-३-६ असा हिशेब धरतात: पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत मशीन आणि शिकवणं सुरू. आपल्याकडे मूल माझ्याकडे येतं ते बहुधा 'अजून बोलत नाही' म्हणून, म्हणजे दोन-अडीच वर्षांनी. 'याचा बाप पण उशिराच बोलला होता' हे आजीचं वाक्य प्रत्येक फाइलमध्ये असतंच. एवढा उशीर झालेल्या घराला तुम्ही वर 'थांबा, औषध येतंय' असं ऐकवता.

आता त्या बातमीचं बघू. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच मथळ्यात घालता.

पहिली गोष्ट खरी आहे, आणि मोठी आहे. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या नेत्र व कान-नाक-घसा रुग्णालयात यिलाई शू यांच्या गटाने जन्मतः बहिऱ्या सहा मुलांच्या कानात जनुक सोडलं. सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. 'लॅन्सेट'मध्ये हे जानेवारी २०२४ मध्ये छापून आलं. मी ते वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती, हे कबूल करते. आमच्या धंद्यात असं काही बघायला मिळेल, असं शिकताना कुणी सांगितलं नव्हतं.

पण या मुलांच्या कानात नवी पेशी एकही उगवली नाही. त्यांच्या पेशी जन्मापासून जागेवर, धडधाकट होत्या. त्या पेशींना आवाज कळत होता, तो नसेकडे देता येत नव्हता, कारण त्यासाठी लागणारं ओटोफर्लिन नावाचं प्रथिन तयार होत नव्हतं. ते प्रथिन बनवणाऱ्या ओटॉफ जनुकात बिघाड होता. शास्त्रज्ञांनी चांगलं जनुक निरुपद्रवी विषाणूवर चढवून आत पाठवलं. जनुक इतकं लांबलचक की एका विषाणूत मावेना, म्हणून दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवलं आणि पेशीच्या आत ते जुळले. उत्तम कारागिरी आहे. मात्र जनुकीय कारणाने जन्मतः बहिऱ्या असलेल्या शंभर मुलांत ओटॉफची मुलं फार तर आठ असतात. आपल्या देशात जास्त सापडतो तो जीजेबी-टू या दुसऱ्या जनुकाचा दोष, आणि त्यावर हा उपचार चालत नाही.

याच काळातली अमेरिकेची बातमीही तुम्ही चालवली होती. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात ११ वर्षांच्या मुलाला याच पद्धतीने ऐकू येऊ लागलं. 'चमत्कार' हा शब्द सगळ्यांनी वापरला. त्याच बातमीत पुढे होतं की या मुलाला कदाचित कधीच बोलता येणार नाही, कारण बोली शिकण्याची खिडकी साधारण पाचव्या वर्षाच्या सुमारास मिटते. हा परिच्छेद आपल्याकडच्या एकाही व्हिडिओत मला दिसला नाही. अमळनेरच्या त्या आईला नेमका तोच ऐकायला हवा होता. उद्या औषध खरंच आलं, तरी ते कान उघडेल. गेलेली वर्षं त्या बाटलीत नसतील. ज्या मुलाचा मेंदू इम्प्लांटमुळे का होईना आवाजाला सरावलेला आहे, त्याच मुलाला त्या औषधाचा खरा उपयोग होईल.

'पण इम्प्लांट बसवलं की पुढचे उपचार बंद ना?' हा प्रश्न मला शिकलेले लोक जास्त विचारतात. केंब्रिजच्या अॅडनब्रुक्स रुग्णालयात २०२३ मध्ये एका तान्ह्या मुलीच्या एका कानात ओटॉफचं जनुक सोडलं आणि त्याच वेळी दुसऱ्या कानात इम्प्लांट बसवलं. तिथल्या डॉक्टरांनी थांबण्याचा धोका घेतला नाही, मग भडगावच्या बापाने का घ्यावा?

दुसरी गोष्ट म्हणजे खरोखरच पेशी उगवणं. तुमचे मथळे याबद्दल असतात आणि इथे अजून हाती काही लागलेलं नाही.

आतल्या कानात वाटाण्याएवढ्या जागेत अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्यात प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ ते १६ हजार केशपेशी, आतल्या एका ओळीत आणि बाहेरच्या तीन ओळींत. मूल पोटात असताना, पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत, हा साठा तयार होतो आणि तोच जन्मभर पुरवायचा. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला समजेल असं सांगायचं तर घड उतरवल्यावर केळीच्या बुंध्याशी पील फुटतं आणि पिलबाग धरता येते. माणसाच्या कानात बुंध्याशी काहीच फुटत नाही. गेलेली पेशी गेली.

पक्ष्यांचं तसं नाही. १९८८ मध्ये 'सायन्स'मध्ये एकाच वेळी दोन शोधनिबंध आले. एकात कॉर्विन आणि कोटँश यांनी कोंबडीच्या पिल्लांवर काम केलं होतं, दुसऱ्यात रायल्स आणि रूबेल यांनी लाव्यांवर. मोठ्या आवाजाने या पक्ष्यांच्या केशपेशी मारल्या, तर काही दिवसांत नव्या उगवल्या. म्हणजे हळदीच्या रात्री मांडवामागच्या खुराड्यातली गावरान कोंबडी डीजेने बहिरी झालीच, तर थोड्या आठवड्यांत तिला पुन्हा ऐकू येईल. मांडवातल्या पाहुण्यांना ती सोय नाही. आपल्याच देशातल्या ओढ्या-नाल्यांत सापडणारा झेब्राफिश हा मासा तर अंगावरच्या अशा पेशी दोन-तीन दिवसांत पुन्हा बनवतो.

कोंबडीला जमतं ते आपल्याला का जमत नाही, याच्या मागे जग गेली पस्तीसेक वर्षं लागलं आहे. केशपेशींच्या खाली आधार देणाऱ्या पेशी असतात. कोंबडीत त्या पेशी विभागतात आणि त्यांतल्या काही केशपेशी बनतात. आपल्यात त्या जागच्या जागी गप्प राहतात. त्यांना उठवायचं म्हणजे एक तर केशपेशी घडवणारं एटोह-वन हे जनुक आत घालायचं, नाही तर औषधाने त्यांच्यावरचा ब्रेक सोडायचा. मिशिगन विद्यापीठात येहोआश राफाएल यांच्या गटाने २००५ मध्ये जनुकाच्या वाटेने बहिऱ्या गिनीपिगना थोडंफार ऐकू आणलं, तेव्हाही बातम्या आल्याच होत्या. २०१४ पासून नोव्हार्टिसने हेच जनुक माणसांवर वापरून पाहिलं. लोकांचं ऐकणं परत आलं, असं त्यातून निघालं नाही.

औषधाच्या वाटेची गोष्ट तुम्ही नीट वाचा, कारण एखाद्या औषधाची बातमी कशी चढते आणि कशी विरते ते त्यात दिसतं. फ्रिक्वेन्सी थेरप्युटिक्स नावाच्या अमेरिकी कंपनीने कानाच्या पडद्यातून टोचायचं एफएक्स-३२२ हे औषध काढलं. पहिल्या छोट्या चाचणीत अवघे २३ लोक होते. त्यांतल्या काहींना शब्द आधीपेक्षा स्पष्ट कळू लागले. मथळे झाले, शेअर वधारला. मोठी चाचणी घेतली तेव्हा औषध नसलेलं नुसतं द्रावण टोचलेल्यांनाही तसाच 'फरक' पडला. असा 'फरक' मी रोज बघते. बरं वाटावं असं मनात धरून आलेला माणूस दुसऱ्या तपासणीला जास्त लक्ष देऊन ऐकतो, जास्त वेळा बोट वर करतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुढची चाचणीही फसली आणि कंपनीने औषध सोडून दिलं. युरोपात दुसऱ्याच एका औषधाची रीगेन नावाची चाचणी झाली, तिचा निकाल २०२४ मध्ये आला. औषध सुरक्षित ठरलं, पण ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. पहिल्या मथळ्याची जागा अर्धं पान होती. औषध सोडून दिल्याची बातमी आपल्या भागात मला कुठेच छापलेली सापडली नाही.

अडतं कुठे? पेशी नुसती उगवून भागत नाही. ती योग्य ओळीत उगवावी लागते, तिच्या डोक्यावरचे सूक्ष्म केस एका ठरावीक दिशेने असावे लागतात, आणि तिच्याशी नस येऊन जुळावी लागते. शिवाय आधाराच्या सगळ्याच पेशींना केशपेशी केलं तर आधारच जातो. 'उंदराला ऐकू आलं' अशी बातमी आली की आधी उंदराचं वय विचारा. उंदराचं पिल्लू जन्मतः बहिरं असतं आणि जन्मानंतर साधारण बाराव्या दिवशी त्याला ऐकू येऊ लागतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाच्या कानात घडणीचं काम चालूच असतं, त्यामुळे तिथे पेशी उगवणं तुलनेने सोपं. आपलं बाळ जन्मतं तेव्हा हे काम महिनोन्‌महिने आधी उरकलेलं असतं. पिल्लात जमलेलं पोक्त उंदरातही नीट जमत नाही, तर माणूस दूरच.

तरीही हे होणार नाही, असं मी म्हणत नाही. माझा त्या शास्त्रज्ञांवर विश्वास आहे. राग आहे तो त्यांचं नाव घेऊन इथे दुकान मांडणाऱ्यांवर.

गेल्या वर्षी एका दैनिकात आत परदेशातल्या संशोधनाची बातमी होती आणि त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात 'बहिरेपणावर स्टेम सेलने हमखास उपचार, शिबिर एकच दिवस' अशी जाहिरात, मोबाइल नंबरसकट. त्या शिबिराला पारोळ्याहून जाऊन आलेलं एक कुटुंब नंतर माझ्याकडे आलं. किती पैसे गेले ते त्यांनी सांगितलं, मी इथे लिहीत नाही. कापसाचा एक हंगाम गेला एवढं समजा. मुलाचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, आधी होता तसाच होता.

औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे. ज्या आजारांवरच्या उपचाराची जाहिरात करता येत नाही अशा ५४ आजारांची यादी त्याला जोडलेली आहे, आणि बहिरेपणा त्या यादीत आहे. हा कायदा जाहिरात देणाऱ्यापुरता नाही. ती छापण्यात भाग घेणाराही त्यात येतो, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जाहिरात विभाग वेगळा, संपादकीय वेगळं, हे मला माहीत आहे. वाचकाला माहीत नाही. त्याला वरची बातमी आणि खालची जाहिरात एकच वाटते, आणि जाहिरात देणाऱ्याला तेच हवं असतं.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कानासाठी स्टेम सेल ही फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येते, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणजे ओळखायची खूण सोपी आहे: पैसे मागितले तर ती चाचणी नाही. शिवाय आपल्या देशातल्या प्रत्येक औषध-चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर करणं २००९ पासून बंधनकारक आहे. कुणी 'आमच्याकडे नवी थेरपी' म्हणत पत्रकार परिषद घेतली, की चहा प्यायच्या आधी नोंदणी क्रमांक मागा. पाच मिनिटांचं काम आहे.

मोठ्या माणसांच्या कानांबद्दल वेगळं पत्र लागेल, म्हणून इथे थोडक्यात. औद्योगिक वसाहतीतल्या डाळ मिलचा आणि चटई कारखान्याचा कामगार, धुळ्याचा यंत्रमाग चालवणारा आणि भुसावळच्या रेल्वे शेडमधला माणूस यांच्या केशपेशी हळूहळू जातात. आधी बारीक आवाजाच्या जातात, त्यामुळे 'स', 'श', 'त' निसटतात आणि घरचे म्हणतात, 'बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं.' ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची हद्द. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांना हे गणित छापून द्या, कानबाईच्या विसर्जनाआधी आणि गणपतीआधी. डीजेवाल्यांच्या शुभेच्छांच्या जाहिराती त्याच पानावर असतील, ते मी समजून घेते.

आता मी तुमच्याकडून काय मागते ते.

परदेशातली बातमी जरूर छापा. तिच्यात एवढं येऊ द्या की प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, किती जणांवर, आणि पेशी उगवल्या की असलेल्या पेशीचा दोष दुरुस्त केला. आणि जन्मतः बहिऱ्या मुलाबद्दल असेल तर शेवटी एक चौकट: इम्प्लांटसाठी थांबू नका, दिव्यांगांसाठीच्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलांना वयाच्या पाच वर्षांच्या आत इम्प्लांट मिळू शकतं, २०१४ च्या सुधारित योजनेत एका इम्प्लांटसाठी सहा लाखांपर्यंतची तरतूद झाली, अर्ज मुंबईच्या वांद्र्यातल्या अली यावर जंग संस्थेमार्फत होतो, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा त्याच्याकडेही मूल दाखवता येतं. चार ओळींची चौकट आहे.

आणि तुमच्यातल्या तरुण वार्ताहरांना, विशेषतः नंदुरबारच्या, एक खरी बातमी देते. नवजात बाळाच्या कानाची साधी चाचणी म्हणजे ओएई. ती बाहेरच्या ओळींतल्या केशपेशी काम करतात का एवढंच बघते. गंमत अशी की ओटॉफचा दोष असलेल्या मुलाच्या त्या पेशी ठणठणीत असतात. म्हणजे ज्या मुलांसाठी शांघायचा उपचार निघाला, तीच मुलं ओएईत पास होऊन घरी जातात. ती सापडतात बेरा चाचणीत, जी आवाज नसेतून मेंदूकडे जातो का ते पाहते. बाळ काचेत राहिलेलं असेल, जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिन दिलेलं असेल, तर त्यालाही बेरा लागते, कारण अशा बाळांत नसेचा दोषही असू शकतो आणि तो ओएईत दिसत नाही. शिवाय ही औषधं जीव वाचवतात आणि कधीकधी केशपेशी मारतात.

तर असं करा. तुमच्या जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, धडगाव-अक्कलकुव्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. ओएईचं यंत्र आहे का, विचारा. असेल तर कपाटात आहे की प्रसूती कक्षात, ते डोळ्यांनी बघा. बेराचं यंत्र कुठे आहे, ते चालवणाऱ्या श्रवणतज्ज्ञाचं पद भरलेलं आहे का, मागच्या महिन्यात किती बाळं तपासली, किती नापास झाली, आणि त्यांतली किती पुन्हा तपासणीला आली, हे रजिस्टरमधून लिहून घ्या. नाही दाखवलं तर माहितीच्या अधिकारात मागा. तोरणमाळच्या पाड्यावरून उतरून जळगावपर्यंत बेरासाठी यायला एका बाईला किती गाड्या बदलाव्या लागतात आणि तिचे किती दिवसांचे रोज बुडतात, तेही लिहा. आकडे हाती आले की मला फोन करा. ते वाचायला आणि समजावून सांगायला मी रविवारीही बसेन.

आपली,
जळगावची एक श्रवणतज्ज्ञ